उलट्या धावेआधीचं पाणी

बारा मार्च. हळदीच्या कुकरची टाकी आतून घासायला काढली.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे. चार शेतं फिरून कुकर परत आला की टाकीच्या आत पांढरा थर चढलेला असतो. थर चढला की वाफ धरायला वेळ लागतो आणि जळणाच्या पळाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, फुकट जळतात. म्हणून हंगामाच्या मध्यावर एक दिवस काम बंद ठेवून मी तो खरडून काढते. टाकीचं तोंड लहान. डोकं, एक हात आणि अर्धं अंग आत घालावं लागतं. माझा नवरा मावत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे.

ज्यांनी हा कुकर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चाकांच्या गाड्यावर पाण्याची मोठी टाकी, तिच्याखाली जाळ, आणि बाजूला हळद भरायचे पिंप. वाफ नळीनं पिंपात जाते, कंद शिजतात, मग ते उन्हात पसरायचे. हा कुकर माझा आहे. हंगामात शिरड शहापूरच्या आसपास भाड्यानं फिरतो आणि त्याच्यामागे मी फिरते. जाळ घालायला तांड्यावरची एक बाई असते, माझ्याच वयाची. जाळ आणि जीभ, दोन्ही तिच्या हातात आहेत.

त्या दिवशी मामा, म्हणजे माझे सासरे, कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले होते. समोर त्यांचा वॉकर. थंडीत ते पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वॉकरशिवाय चालणं नाही. त्याआधी दिवाळीला मोतीबिंदू काढलेला. असा माणूस दुसऱ्या एखाद्या घरात निजूनच असता. मामा निजून राहणाऱ्यातले नाहीत.

"बराबर घासा," ते म्हणाले. "कोपरं सोडू नका. कोपऱ्यातच बसतं ते."

"तुमी येता का आत?" मी टाकीतून विचारलं.

"आलो असतो. पर आता माझं पोट मावत न्हाई."

तांड्यावरची बाई पळाट्या मोडत खाली बसली होती. ती खदाखदा हसली. मामाही हसले आणि उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा ते अजून पुसतच होते. डोळे लालभडक. हसून आलेलं पाणी ते नव्हतं.

मामांची सगळी नोकरी वाफेवर गेली. शाळा सुटल्यावर ते हैदराबादकडे गेले आणि आगगाडीच्या इंजिनावर कोळसा मारायला लागले. फायरमन. पुढे ड्रायव्हर झाले, तोवर वाफेची इंजिनं जायला लागली होती. पण त्यांच्या बोलण्यात येतं ते पहिलंच इंजिन. विलायतेत बनलेलं, ठेंगणं. शहरातून आजूबाजूच्या गावांना जाणारी पॅसेंजर ओढायचं. सकाळी दूधवाले, डबेवाले, कचेरीतले कारकून, संध्याकाळी तीच माणसं परत. लांबच्या गाड्यांच्या इंजिनामागे पाणी-कोळशाचा वेगळा डबा असतो, याला तो नव्हता. पाण्याच्या टाक्या इंजिनाच्याच दोन्ही कुशींना आणि कोळसा त्याच्याच पाठीशी. मामा ते सांगत होते तेव्हा तांड्यावरची बाई म्हणाली होती, "म्हंजी आमच्या आज्याच्या बैलावानी. दोन्ही अंगाला गोण्या." मामांना ते इतकं आवडलं की तेव्हापासून ते तसंच सांगतात.

या इंजिनाची खरी खुबी वेगळीच होती. ते फिरवावं लागत नसे. मोठं इंजिन परत न्यायचं तर आधी त्याचं तोंड वळवावं लागे. त्यासाठी वेगळे रूळ, वेगळा वेळ. हे इंजिन जाताना धुराड्याकडून जायचं आणि येताना कोळशाकडून. गाडीला एका टोकाला सोडायचं, बाजूच्या लूप लाइनीतून जाऊन दुसऱ्या टोकाला लागायचं, की सुटलं. मोठ्या इंजिनावरचे लोक त्याला घागर म्हणून चिडवायचे. "म्हणू द्या," मामा म्हणायचे. "त्याहिला पाठ हाय. आमच्या इंजिनाला पाठच न्हवती. दोन्हीकडून तोंडच."

लग्न ठरवायला मामा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, पाणी किती लांबून आणता? मी म्हणाले, लांबून आणतो, पण खेपा मोजत नाही. ते नवऱ्याकडे वळून म्हणाले, चालंल. माझ्या घरच्यांना वाटलं, हुंड्याबद्दल काही बोलले. पुढं काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या दृष्टीनं जगातली सगळी कामं पाण्यापासून सुरू होतात.

आता अडचण काय होती ते सांगते.

यंदा हळद चांगली आली. वाळली, पॉलिश झाली, पोती भरली. नवऱ्याचं म्हणणं, भाव येऊ दे, मग वसमतच्या बाजारात नेऊ. घरातली सगळ्यात कोरडी खोली मामांची. पोती तिथंच लागली. एका भिंतीला मामांची बाज, समोरच्या भिंतीपासून पोत्यांची थप्पी, आणि दोन्हींच्या मधे वॉकर जेमतेम जाईल एवढी वाट. मामांनी तक्रार केली नाही. म्हणाले, हळद हाय, माणसापेक्षा गुणाची.

काही दिवसांत त्या वाटेवर रोज ओल दिसायला लागली. सकाळी, दुपारी, कधीही. बाजेपासून दारापर्यंत फरशीवर शिंतोडे, मधेच थारोळं. मामांच्या धोतराचा काठही ओला. खालच्या थरातलं एक पोतं बुडातून काळपट झालं. वाळलेल्या हळदीला ओल लागली की बुरशी धरते, हे इथं लेकरांनाही माहीत आहे.

मी मामांना विचारलं, "मामा, हे ओलं कशानं?"

"पानी हाय," ते म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाला आणखी काय विचारायचं? पुसून घेतलं, फिनेल टाकलं. वास घेऊन खात्री करता आली असती, असं कोणी म्हणेल. हळदीच्या हंगामात आमच्या घरात या. कपडे, भाकरी, केस, उशी, सगळ्याला शिजलेल्या हळदीचा आणि धुराचा वास. नाकाला दुसरं काही कळतच नाही.

नवऱ्यानं बहिणीला फोन केला. माझी नणंद, आक्का, हट्टा गावी दिलेली. मामांची थोरली लेक, बोलायला फटकळ, बापावर जीव. ती दुसऱ्याच दिवशी आली आणि येताना मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं घेऊन आली.

"दादा, लाजायचं न्हाई," ती वडिलांना म्हणाली. "लेकराला बांधतेत तसं. कुणाला दिसतंय?"

मामांनी पुडक्याकडे पाहिलं. "मला लंगोट बांधता व्हय?"

"लंगोट न्हाई, डायपर."

"तेच ते. मला माझं माझं जाता येतंय. वॉकर कशाला दिलाय मग?"

"जाता येतंय तर ही ओल कुठून येऊन राहिली?"

"पानी हाय म्हणलो ना!"

आक्कानं माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. तिघांचीही समजूत एकच झाली. शेवटी ठरलं असं: दोन दिवस मामांच्या उशाचा पाण्याचा तांब्या उचलायचा. तहान लागेल तेव्हा मी पाण्याचं भांडं हातात देईन. पाणी कमी गेलं आणि ओल थांबली तर ठीक. नाहीतर बुधवारी आक्का परत येणार आणि डायपर बांधायचं. त्यासोबत एक गोष्ट आपोआप ठरली होती, ती कोणी बोललं नाही. डायपर बांधलं की मामांना उठून जायची गरज राहणार नव्हती. मग वॉकर कोपऱ्यात गेला असता, आणि मामा बाजेवर. खुब्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं, चालतं राहिलं तरच माणूस राहतो.

तांब्या उचलला. ओल थांबली.

खरंच थांबली. फरशी कोरडी ठक्क. नवरा म्हणाला, "बघ." आक्काला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपलं बराबर होतं. पर बापाला किती दिवस तहानेलं ठेवायचं? मी येते, बांधूनच टाकू." पाण्यानं ओल होत होती हे सिद्ध झालं होतं. आम्हाला वाटत होतं त्या वाटेनंच ते पाणी फरशीवर आलं, हे मात्र सिद्ध झालं नव्हतं. पण तेवढा विचार करायला हंगामात वेळ कोणाकडे असतो?

हे सगळं त्या बुधवारच्या आधी झालं. बारा मार्चला बुधवारच होता. आक्का दुपारच्या गाडीनं येणार होती.

मी टाकीतून बाहेर आले, हात धुतले आणि मामांजवळ गेले. "डोळे काहून चोळून राहिले? डॉक्टरनं हात लावू नका म्हणलंय ना?"

"तकलीफ होते."

"कवापासून?"

"तांब्या नेला तवापासून."

मला वाटलं पाणी कमी पडल्यानं असेल. तसं होतही असेल कोणाला. मी म्हणाले, "तहान लागते का?"

"तहानेचं काय न्हाई. कोळसा भिजवल्याबिगर उलटी धाव केली की असंच हुतं. सगळी भुकटी डोळ्यात."

तांड्यावरच्या बाईनं माझ्याकडे पाहून कपाळाशी बोट फिरवलं. म्हणजे म्हाताऱ्याचं गेलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी म्हणाले, "मामा, कुठला कोळसा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच भ्रमले आहे. "कोळसा न्हाई वो आता. तुमची हळद."

मी म्हणाले, "चला. दाखवा मला."

आधी स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि त्यांच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर, जिथं असायचा तिथं ठेवला. मामा वॉकर घेऊन दारातून आत गेले, बाजेला लागून, पोत्यांच्या मधून. सरळ. बाजेच्या उशाशी, खिडकीजवळ पोचले, वॉकर तसाच पुढं तोंड करून उभा ठेवला, आणि बाजेच्या कडेला टेकले. इथपर्यंत मी रोज पाहिलेलं होतं. परत येताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं, कारण मामा उठतात तेव्हा मी भट्टीवर नाहीतर चुलीपाशी असते.

ते उठून वॉकरमध्ये उभे राहिले. तोंड खिडकीकडे, पाठ दाराकडे. वॉकर तिथं वळू शकत नव्हता. एका अंगाला बाज, दुसऱ्या अंगाला पोती. त्यांनी एका हातानं तांब्या घेतला, मान वळवून मागं पाहिलं आणि पाठीमागच्या फरशीवर पाणी शिंपडलं. डावीकडे, उजवीकडे, जरा लांब. तांब्या परत ठेवला. थोडं थांबले, पाणी बसू दिलं. मग उलट चालायला लागले.

उलट चालताना वॉकर उचलता येत नाही, ओढावा लागतो. त्याचे पाय फरशीवर खरडत येतात आणि दांडे पोत्यांना घासतात. आणि पोती घासली की हळदीची भुकटी उडते. कवडशात ती मला दिसली. जिथं पाणी पडलं होतं तिथं खालची भुकटी बसली होती. जिथं पडलं नव्हतं तिथून पिवळा धूर उठत होता आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं तो सरळ त्यांच्या तोंडावर जात होता.

दाराशी पोचल्यावर मामा म्हणाले, "कोळसा पुढं ठेवून गाडी चालली की वाऱ्यानं सगळी भुकटी आमच्या डोळ्यात यायची. म्हणून सुटायच्या आधी त्याच्यावर पानी मारायचं. नवीन पोरं इसरायची. मग दिवसभर रडायची."

"तुमी सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं की. पानी हाय म्हणलो."

मी फडकं आणून ओल पुसायला घेतली, कारण ओल्या फरशीवर वॉकरचे रबर घसरतात. हे मामांनाही कळायला हवं होतं, आणि मी तसं त्यांना म्हणालेही. "आन घसरला असता तर? दुसरा खुबा कुठून आणायचा?"

"मी जपून टाकतो पानी."

"जपून टाकता म्हणून पोतं काळं झालं."

त्यांनी त्या पोत्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बरं वाटलं. एकट्याच माणसाची चूक असली की बोलणं अवघड जातं.

आक्का दुपारी आली ती पदर खोचूनच. पुडकं फोडून एक घडी बाहेरही काढली. "वहिनी, गरम पाणी ठिवा. धोतर बदलूनच घेऊ."

मामा बाजेवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात वॉकरवर ठेवले, घट्ट. त्या हातांकडे पाहून मला कळलं की आपण काय हिरावून न्यायला निघालो होतो.

"आक्का, थांबा," मी म्हणाले. "मामा, यांना करून दाखवा."

मामांनी पुन्हा तेच केलं. उठणं, तांब्या, मान वळवणं, शिंपडणं, उलटी चाल. आक्का दारात उभी होती. तिला वाट द्यायला मागं सरकावं लागलं. मामा बाहेर आले, तोंड अजून खोलीकडेच, आणि त्यांची पाठ लेकीला लागली. तिनं त्यांना धरलं नाही. तशीच उभी राहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. मग तिला हसू आलं, मग रडू, मग राग. तिन्ही तिच्या तोंडावर एकदम असतात. "दादा, तुमाला फोड करून सांगायला काय झालतं? मी हट्ट्याच्या सगळ्या गल्लीत सांगून आले, माझ्या बापाला सुटलंय म्हणून!"

"आता जाऊन सांग, न्हाई सुटलं म्हणून."

"सांगते ना! नाक कापलं माझं."

तांड्यावरची बाई ओट्यावरून म्हणाली, "आक्का, ते पुडकं तिकडंच कुणाला तरी लागंल. वाया जाऊ देऊ नका."

संध्याकाळी नवरा शेतातून आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, खोलीत जाऊन पोत्यांकडे पाहिलं, आणि त्याला जे पहिलं सुचायला हवं तेच सुचलं. "मग पोती कुठं ठिवायची? बाहेर ठिवली तर दव लागंल. भाव तर अजून..."

"आपल्या खोलीत."

"आन आपण?"

"गच्चीवर. मार्च हाय, कुडकुडून मरत न्हाई."

तांड्यावरची बाई घरी निघाली होती, ती फाटकातून वळली. "या वयात गच्ची! बाई नवी नवरी झाल्या वो." नवरा लाजला. त्यानं पुढं वाद घातला नाही. मला त्या बाईची मजुरी तेव्हाच वसूल झाल्यासारखी वाटली.

रात्री जेवताना मी मामांना विचारलं, इंजिन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कसं लावायचे ते परत सांगा. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात मधे ठेवला, ती गाडी. वाटी, ते इंजिन. वाटी तुकड्यापासून सोडवली, बाजूनं फिरवत नेली आणि पलीकडच्या टोकाला लावली. "लूप मोकळी पायजे फक्त," ते म्हणाले. "लूपवर डबं उभं असलं की मग काय, अडकून बसा."

तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिघांनी पोती हलवली. नवरा आणि मी उचलत होतो, आक्का फराफरा झाडत होती आणि सगळ्यांना शिंका येत होत्या. काळं पडलेलं पोतं मी गच्चीवर नेऊन उलटं केलं आणि हळकुंडं उन्हात पसरली. बुडातला एक थर टाकावा लागेल, बाकी वाचतील. मग मामांची खोली धुतली, कोरडी केली आणि बाज भिंतीपासून सोडवून खोलीच्या मधोमध ठेवली. चारी बाजूंनी वॉकर जाईल एवढी वाट.

मामा दारात उभे राहून बघत होते. "आक्का, सरक," मी म्हणाले. "मामा, लूप मोकळी हाय."

ते एका बाजूनं आत गेले, बाजेवर टेकले, थोडं बसले. मग उठले आणि पुढंच चालत राहिले. बाजेच्या पलीकडच्या टोकाला वळसा घातला, दुसऱ्या बाजूनं आले आणि तोंड पुढं करून दारातून बाहेर पडले. कुठंही वॉकर जागच्या जागी वळवावा लागला नाही. परत आत गेल्यावर त्यांनी सवयीनं तांब्या उचलला, मागं पाहिलं, मागं पोती नव्हती. मग त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं.

मी अंगणात गेले, कुकरची टाकी काठोकाठ भरली आणि तांड्यावरच्या बाईला जाळ घालायला सांगितलं.